देवनहळ्ळीच्या तटासमोर, थोरांच्या सोबतीनं

ज्या मराठी घरांतला मुलगा किंवा लेक-जावई बंगळूरला नोकरीला आहे, अशा घरांची आता मोजदाद राहिलेली नाही. पुण्या-मुंबईहून आई-बाबा विमानानं येतात, सामानाच्या पट्ट्यावरून लाडवांचे डबे भरलेली बॅग उचलतात आणि टॅक्सीनं दक्षिणेला, शहराकडे निघतात. 'आम्ही बंगळूरला उतरलो,' असं फोनवर कळवतात. खरं म्हणजे ते उतरलेले असतात देवनहळ्ळीत! २००८ च्या मे महिन्यात सुरू झालेला हा विमानतळ देवनहळ्ळीच्या हद्दीवर आहे आणि देवनहळ्ळीचा किल्ला तिथून जेमतेम काही किलोमीटरवर. पण तो पडतो उत्तरेला. सगळी गर्दी दक्षिणेला वळते आणि पाठीमागे राहतो तो हा वाटोळा, पिवळसर-करडा, फारसा कुणी न पाहिलेला तट.

या आई-बाबांपैकी एकाच्या बॅगेत हल्ली बरेचदा आणखी एक वस्तू असते. जलरंगांची पेटी. निवृत्तीनंतर हातात कुंचला धरलेली माणसं आपल्याकडे काही कमी नाहीत. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली, मग चाळीस वर्षं बँकेत नाहीतर शाळेत गेलेली. आता वेळ आहे, रंग आहेत, कागदही उत्तम मिळतो. अडतं एवढंच की, काढायचं काय? मग कॅलेंडरवरचं एखादं चित्र समोर ठेवून ते उतरवलं जातं. चित्र चांगलं होतं, नातवंडं कौतुक करतात आणि एखादा पाहुणा सहज बोलून जातो, ''म्हणजे ही कॉपीच ना?'' झालं! पेटी पुन्हा कपाटात.

अशा खट्टू झालेल्या माणसानं एक दिवस शहराकडे न वळता देवनहळ्ळीला थांबावं. नक्कल आणि शिकणं यांतलं नातं इथं जितकं समजेल तितकं एखाद्या वर्गात क्वचितच समजेल.

किल्ल्याची हकिकत फार लांबवायला नको. मल्लबैरे गौडा या पाळेगारानं १५०१ साली बांधलेला हा मुळात मातीचा कोट. १७४९ मध्ये म्हैसूरच्या फौजेनं त्याला वेढा घातला. त्या फौजेतल्या एका तरुण स्वाराचं नाव या वेढ्यात पहिल्यांदा वरिष्ठांच्या नजरेत भरलं. तो हैदर अली. पुढं त्यानंच कोट दगडानं मढवला. त्याचा मुलगा टिपू याच गावात जन्मला. किल्ल्याजवळ खांबांचा एक छोटासा मंडप आणि त्यात दगडी पाटी, एवढीच त्याच्या जन्मस्थानाची खूण. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या सैन्यानं किल्ला घेतला. आज विसेक एकरांच्या त्या घेरात गाव नांदतंय. आत वेणुगोपालस्वामींचं देऊळ आहे आणि त्याच्या भिंतींवर रामायणातले प्रसंग नि बाळकृष्णाच्या खोड्या कोरलेल्या आहेत. तटाला बारा अर्धगोल बुरूज. पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक दरवाजा, घोडेस्वार जाईल इतपतच मोठा, वर चुन्याच्या गिलाव्यातली नक्षी.

सकाळी पूर्वेच्या दरवाज्यासमोर बसलं की कोवळं ऊन थेट त्या नक्षीवर पडतं. वही उघडावी आणि सुरुवात करावी. पहिल्या दहा मिनिटांतच घाम फुटतो! कारण समोर आहे तो नुसता दगड. बुरूज गोल आहे हे डोळ्याला दिसतं, पण कागदावर तो सपाट भाकरीसारखा उमटतो. तट किती लांब घ्यावा? आभाळ किती ठेवावं? हात आपोआप शाळेतल्या चित्राकडे धावतो. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली येणारी नदी, काठावर झोपडी आणि एक वाकडं नारळाचं झाड. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलानं हे चित्र काढलेलं असतं. मूळ कुणाचं, कुणी पाहिलं, ते कुणालाच माहीत नाही. 'स्वतःच्या मनानं काढ' असं सांगितल्यावर निघालेलं हे चित्र शंभर टक्के नक्कल असतं, ही यातली खरी गंमत. फक्त कुणाची, ते ठाऊक नसतं.

आता थोडं मागं, १७९१ मध्ये जाऊ. कॉर्नवॉलिसच्या फौजेबरोबर त्या वर्षी रॉबर्ट होम नावाचा एक इंग्रज चित्रकार या मुलुखात हिंडत होता. बंगळूर, सावनदुर्ग, श्रीरंगपट्टण इथली त्यानं जागेवर केलेली रेखाटनं १७९४ मध्ये लंडनला पुस्तकरूपानं निघाली. फौजेतले अधिकारीही चित्रं काढत. अलेक्झांडर अॅलन या अधिकाऱ्याचा म्हैसूर मुलुखातल्या दृश्यांचा संच त्याच वर्षीचा. कॅमेरा नव्हता. किल्ल्याचा उतार, तटाची उंची, खंदक टिपून घ्यायला हातच लागायचा. टिपूच्या दोन मुलांना १७९२ मध्ये ओलीस म्हणून इंग्रजांच्या हवाली केलं गेलं, त्या प्रसंगाचं मोठं तैलचित्रही होमनं केलं आणि त्यात एका कडेला, बगलेत चित्रांची चोपडी घेतलेला स्वतःही उभा राहिला. मी तिथं होतो, असं सांगण्याची ही तऱ्हा! लंडनमध्ये बसून हाच प्रसंग रंगवणारे चित्रकारही होते. त्यांनी हिंदुस्थान पाहिलाच नव्हता.

याच सुमाराला, १७९२ मध्ये, थॉमस आणि विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे मद्रासहून निघून या बाजूला आले. त्यांची निसर्गदृश्यं आजही जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत छापील रूपात दिसतात. आधीच्या उत्तर हिंदुस्थानच्या सफरीत त्यांनी विल्यम हॉजेस या चित्रकाराचा माग काढला होता. हॉजेसनं जिथं बसून चित्र काढलं तिथंच जाऊन बसायचं, त्याचं चित्र आणि समोरचं देऊळ ताडून बघायचं आणि 'इथं तो चुकला' असं रोजनिशीत लिहून ठेवायचं. थोरांचा अभ्यास म्हणजे नुसता नमस्कार नव्हे, हे या दोघांकडून शिकावं. पण हॉजेस तरी कुणाचा? तो रिचर्ड विल्सनचा शिष्य. विल्सन कुणाला मानायचा? सतराव्या शतकात रोममध्ये राहून चित्रं काढणाऱ्या क्लॉद लोरँला. क्लॉदची बांधणी अशी: पुढे कडेला एक काळोखं झाड, मध्ये उजेड नि पाणी, दूर निळा डोंगर आणि खाली दोन-तीन छोटी माणसं, नाहीतर गुरं. इटलीतली ही चौकट हिंदुस्थानात आली आणि दख्खनच्या खडकांवर बसवली गेली. आपल्या दोन डोंगरांची आणि वाकड्या नारळाची ही थोरली बहीणच की! फरक एवढाच, की त्यांना आपला गुरू माहीत होता आणि म्हणून त्याच्या चौकटीतून कुठं बाहेर पडायचं हेही कळत होतं.

देवनहळ्ळीत या चौकटीचा लगेच उपयोग होतो. तटाचा जवळचा बुरूज सावलीत, गडद. मधला तट उन्हात, जवळजवळ कोरा कागद. मागे फिकट आभाळ. तीनच छटा! आधी एखाद्या डॅनियल-चित्राच्या छापील प्रतीवरून पेन्सिलीनं या तीन छटा पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर उतरवाव्यात. झाड कुठलं, देऊळ कुठलं याची पर्वा न करता फक्त काळं-करडं-पांढरं. मग ती प्रत बॅगेत बंद करावी आणि मान वर करून समोर पाहावं. मघाचा सपाट बुरूज आता गोल दिसायला लागतो.

मात्र या साहेबी चित्रांचा एक दोष सांगायलाच हवा. त्यांत इथला माणूस मुंगीएवढा असतो. नजरेला माप मिळावं म्हणून उभा केलेला, चेहरा नसलेला. ते शिकू नये.

माणसं कशी काढावीत, हे टिपूच्याच चित्रकारांना विचारावं. त्यासाठी देवनहळ्ळीहून दीडशे किलोमीटरच्या पुढे, श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत महालात जायला हवं. १७८४ च्या या लाकडी महालाच्या पश्चिमेच्या भिंतीवर १७८० मधली पोल्लिलूरची लढाई आहे. हैदर-टिपूनं इंग्रजांना धूळ चारली ती. लांब-जवळ असा हिशेबच नाही! ओळींवर ओळी, घोडे, हत्ती, लाल डगलेवाले, दारूगोळ्याच्या गाड्याचा उडालेला भडका आणि मध्ये पालखीत बसलेला जखमी कर्नल बेली. एकही माणूस मुंगी नाही. महत्त्वाचा तो मोठा, इतका सरळ कायदा.

आणखी एक. हे चित्र जसं आज दिसतं तसं ते टिपूच्या काळातलं राहिलेलंच नाही. १७९९ च्या युद्धाआधी त्यावर चुना फासला गेला होता. टिपू पडल्यावर आर्थर वेलस्ली या महालात राहिला, त्यानं ते पुन्हा रंगवून घेतलं. अर्धशतकानंतर डलहौसीच्या हुकमानं त्यावर परत हात फिरला. आपण पाहतो ती नकलेची नक्कल! आणि तरीही ती नसती तर पोल्लिलूरची भिंत आज कोरी असती.

उलट्या दिशेला, देवनहळ्ळीवरून जाणाऱ्या हैदराबादच्या महामार्गानं उत्तरेला गेलं की आंध्राच्या हद्दीत लेपाक्षी लागतं. सोळाव्या शतकातल्या वीरभद्र देवळाच्या छतावरची विजयनगरची चित्रं पाहताना मान दुखून येते, पण साड्यांचे काठ आणि पदर बघायला घरातल्या बायकांनी जरूर जावं. नुसत्या रेषेवर नाक, डोळा, कमरेची वळणं तोललेली आहेत. सावली औषधालाही नाही.

म्हणजे एका बाजूला छायाप्रकाश, दुसऱ्या बाजूला रेषा. नवशिक्यानं कुणाचं ऐकावं? या प्रश्नावर सगळं आयुष्य घालवलेला एक माणूस बंगळूरनं पाहिला आहे. के. वेंकटप्पा. १८८६ मध्ये जन्मलेले वेंकटप्पा म्हैसूरच्या दरबारी चित्रकारांच्या घराण्यातले. सोन्याचा वर्ख आणि उठावाचं काम घरातच पाहिलेलं. पुढे म्हैसूरच्या महाराजांच्या मदतीनं ते कलकत्त्याला अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकायला गेले आणि तिथून त्यांची पावलं थेट आपल्या महाराष्ट्रात वळली.

लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज चित्रकर्तीनं १९०९ ते १९११ च्या दरम्यान अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायचं काम अंगावर घेतलं होतं. मदतीला अवनींद्रनाथांचे शिष्य आले: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि हे वेंकटप्पा. त्याआधी जे.जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स साहेबांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत हेच काम केलं होतं. त्यातल्या बऱ्याच प्रती लंडनच्या आगीत जळाल्या. त्याही आधीच्या मेजर गिलच्या प्रती तर १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. इतकं होऊनही पुन्हा माणसं आली आणि अंधाऱ्या लेण्यांत, दुसऱ्या कुणीतरी दीड हजार वर्षांपूर्वी ओढलेली रेषा जशीच्या तशी ओढत बसली. स्वतःचं काही काढायचं नाही. फक्त तो अनाम भिक्षू किंवा कारागीर जसा हात फिरवत होता तसा फिरवायचा. ऐन पंचविशीत!

मग वेंकटप्पा आयुष्यभर अजिंठ्याची चित्रं काढत राहिले का? मुळीच नाही. म्हैसूर संस्थानात परतल्यावर त्यांनी उटीची निसर्गदृश्यं जलरंगात केली. धुक्यातली झाडं, डोंगराची कड, ओल्या हवेचा निळसरपणा. इतकी बारकाईनं की, कागदावर बोट ठेवलं तर गार लागेल असं वाटावं. त्यांत अजिंठ्याची पद्मपाणी मुद्रा नाही, गुरूंचा वॉशमधला स्वप्नाळूपणा नाही, घराण्यातलं सोनंही नाही. राहिली फक्त लेण्यांत बसून कमावलेली चिकाटी. पुढं प्रसिद्ध वैणिक शेषण्णा यांच्याकडे ते वीणा शिकले आणि त्यातही तशीच मान खाली घालून बसले. लग्न केलं नाही, फारशी चित्रं विकली नाहीत. १९६५ मध्ये ते गेले. कब्बन पार्कच्या कडेला, कस्तुरबा रस्त्यावर त्यांच्या नावाचं कलादालन आहे. निघण्यापूर्वी ते उघडं आहे की दुरुस्तीसाठी बंद, याची चौकशी मात्र करून घ्यावी.

वेंकटप्पांचा निम्मा जन्म जर अवघड वाटत असेल तर कुमार कृपा रस्त्यावरच्या चित्रकला परिषदेत जाऊन के. के. हेब्बर पाहावेत. हे आपल्याला जवळचे. उडुपीजवळचा मुलगा, पण शिकला मुंबईच्या जे.जे.त, तिथं शिकवलंही आणि संसार केला मुंबईतच. हेब्बरांना भारून टाकलं ते अमृता शेरगिलच्या चित्रांनी. अमृता स्वतः पॅरिसला गोगँ पाहून आलेली. १९३६-३७ च्या सुमाराला ती अजिंठा-वेरूळ आणि पुढे दक्षिण फिरली आणि मग तिच्या हातून दक्षिणेतल्या माणसांची ती तीन प्रसिद्ध चित्रं उतरली. घ्या! पुन्हा अजिंठाच. वेंकटप्पा आणि अमृता, दोघंही एकाच भिंतीसमोर उभे राहिले आणि दोन वेगवेगळ्या दिशांना गेले. हेब्बरांनी अमृताकडून सपाट, उबदार रंग घेतला. पण रेषा हलती हवी म्हणून ते चक्क कथ्थक शिकले. त्यांची नर्तकांची रेखाटनं पाहिली की ते घुंगरू कशासाठी बांधले होते ते कळतं. एकानं वीणा, दुसऱ्यानं कथ्थक. आपल्याला आवडलेला थोर कलावंत चित्रकारच असला पाहिजे असं कुठं लिहिलंय?

गुरू मिळणं तरी सोपं कुठं असतं! राजा रविवर्म्याला तैलरंग शिकवायला दरबारी चित्रकार रामस्वामी नायकरनं साफ नकार दिला होता. १८६८ मध्ये त्रावणकोरला आलेला थिओडोर जेन्सन हाही शिकवायला तयार नव्हता, फक्त आपण काम करताना बघू द्यायला तयार झाला. रविवर्मा बघत राहिला. नुसतं बघून जे काही उचललं, त्यातून उभी राहिलेली चित्रं पुढे छापखान्यातून घरोघरच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचली. म्हैसूरच्या जगनमोहन महालात त्याची मूळ तैलचित्रं आहेत. तिथंच सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं ते हातात दिवा घेतलेल्या मुलीचं जलरंगचित्रही आहे. १९४५-४६ मधलं, स्वतःची मुलगी गीता हिला समोर उभं करून केलेलं. प्रेक्षक ते पाहतात आणि बेधडक 'रविवर्मा!' म्हणून मोकळे होतात. जरा थांबून पाहावं. रविवर्मा तैलरंगात आहे, हे जलरंगात. बोटांतून झिरपणारा तो तांबूस उजेड जलरंगात मिळवणं म्हणजे काय, हे ज्यानं एकदा तरी प्रयत्न करून कागद फाडलाय त्यालाच कळेल.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. दुसऱ्याच्या चित्रावरून काढलेल्या चित्राखाली नुसती आपली सही करू नये. 'अमुक यांच्या चित्रावरून' असं लिहावं, मग कुणी पाहुणा काय बोलणार? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही चित्रकारांना थोरांच्या कृतींसमोर बसून प्रती करू देतात. अट अशी की, प्रतीचं माप मुळापेक्षा वेगळं हवं आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. आपण घरी तोच नियम पाळावा. आणि जानेवारीत बंगळूरला येणं होणार असेल तर चित्रकला परिषदेची चित्रसंते चुकवू नये. अख्खा रस्ता चित्रांनी भरतो. कोण कुणाकडून काय शिकलंय हे ओळखण्याचा खेळ नातवंडांबरोबर खेळता येतो.

तरीही परत यायचं ते देवनहळ्ळीलाच. कारण समोरचं बघायला इथं अजून काही शिल्लक आहे. ते किती दिवस राहील, हा प्रश्न कालपरवापर्यंत फारच टोकाचा होता. विमानतळ आला तशा जमिनी सोन्याच्या झाल्या. याच तालुक्यातल्या चन्नरायपट्टण भागातली १,७७७ एकर शेतजमीन विमान-उद्योगांच्या वसाहतीसाठी घ्यायचं सरकारनं ठरवलं होतं. शेतकरी तीन वर्षांहून जास्त काळ धरण्यावर बसले आणि १५ जुलै २०२५ ला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी हे भूसंपादन रद्द करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून त्या शेतांवर आज पिकं आहेत. या गावचं खास फळ म्हणजे चक्कोता, आपलं पपनस! देवनहळ्ळीच्या पपनसाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. बाजारात दिसलं तर दोन घ्यावीत. एक खायला, एक समोर ठेवून काढायला. जाड साल, पोपटी-पिवळा रंग, आत गुलाबी गर. बुरुजाची गोलाई जमत नसेल तर आधी पपनसाची जमवावी, दोन्हीकडे सावली एकाच नियमानं वळते.

संध्याकाळी पश्चिमेच्या दरवाज्याबाहेर बसावं. ऊन आता या बाजूच्या नक्षीवर असतं. पहिला पातळ वॉश दिला, तटाची कड कोरडी ठेवली, बुरुजाखाली गडद निळा ओढला, की दक्षिणेच्या आभाळात दिवे लावलेलं एक विमान उतरताना दिसतं. ते चित्रात घ्यायचं की नाही? रॉबर्ट होमनं बहुधा गाळलं असतं, त्याच्या जागी दोन बैल चरायला सोडले असते. दर्या दौलतच्या चित्रकारानं ते हत्तीएवढं काढलं असतं आणि खिडकीखिडकीत एकेक चेहरा बसवला असता. वेंकटप्पा ते जाईपर्यंत थांबले असते. कागद अजून ओला असतो आणि विमान खाली खाली येत असतं.